गुडघे, कावड आणि सब्जीचा घोटाळा

प्रश्न: आम्ही नेरुळला राहतो. मी, नवरा आणि ६४ वर्षांच्या सासूबाई, गुडघे दुखतात आणि पक्क्या शाकाहारी, असे तिघं इराणला जायचं म्हणतोय. टूरवाला शिराजहून अर्ध्या दिवसात पर्सेपोलिस, म्हणजे जुन्या इराणी राजांच्या राजधानीचे अवशेष, दाखवून परत आणतो. मैत्रीण म्हणते तिकडच्या गावात कुणाच्या घरी दोन रात्री राहा. नवरा म्हणतो खेड्यात दोन रात्री करायचं काय? तुम्हीच सांगा.

उत्तर: आधी कटकटीचं उरकून घेऊ. फेब्रुवारी २०२४ पासून आपल्याला १५ दिवस बिनव्हिसा जाता येत होतं, पण नोकरीचं आमिष दाखवून नेलेल्या काही जणांना तिथे पळवून खंडणी मागितली गेली, म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये ती सोय बंद झाली. व्हिसा काढावा लागेल. आणि त्याच्याही आधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा, तिथे प्रवास टाळा असं लिहिलेलं असेल तर तिकीट काढूच नका, एजंट काय वाट्टेल ते सांगू दे.

आता गाव. मैत्रिणीचं ऐका. मी गेले होते तेव्हा पहिल्या दिवशी मीही तो अर्ध्या दिवसाचा प्रकार केला, भर दुपारी पोचलो, सावली नावालाही नाही, निम्मा ग्रुप पाण्याच्या बाटल्या शोधत होता आणि गाइड घड्याळ बघत होता. मग मी सरळ दोन रात्री पासारगादजवळ राहिले. तिथे मादर-ए-सुलेमान नावाचं गाव आहे, म्हणजे सुलेमानाची आई. कारण शेजारी जुन्या इराणच्या सायरस राजाची कबर आहे आणि लोक तिला शेकडो वर्षं सुलेमानाच्या आईची कबर म्हणत आले. सहा टप्प्यांचा दगडी चौथरा, वर घरासारखी छोटी खोली, बस्स. संध्याकाळी टूरच्या बसेस गेल्या की तिथे वारा आणि आपण.

सासूबाईंच्या गुडघ्यांचं म्हणाल तर पर्सेपोलिसचा मुख्य जिना १११ पायऱ्यांचा आहे खरा, पण एकेक पायरी जेमतेम १० सेंटीमीटर उंच, आपल्या स्टेशनच्या ब्रिजपेक्षा कितीतरी सोपी, सकाळी लवकर हळूहळू चढतील. वर अपादानाच्या, म्हणजे राजाच्या दरबार-दालनाच्या, पूर्वेकडच्या जिन्यावर २३ प्रदेशांचे लोक राजाला भेटी घेऊन निघालेत, त्यात आपल्याकडचे म्हणजे सिंधूकाठचे लोक शोधा. उघडा माणूस, कमरेला धोतरासारखं काहीतरी आणि खांद्यावर चक्क कावड! तिच्यातल्या भांड्यांत सोन्याची भुकटी असावी असं अभ्यासक म्हणतात. शेजारून एक गाढव चाललंय. सासूबाईंना शिखर शिंगणापूरच्या कावडी आठवणार, पैज लावा. अडीच हजार वर्षांपूर्वीचं काम आहे हे, इ.स.पू. ३३० मध्ये अलेक्झांडरच्या काळात राजवाडा जळाला तरी दगड राहिले.

राहायला बूमगर्दी शोधा, म्हणजे गावातल्या घरात राहायची सोय. गादी जमिनीवर, जेवण जमिनीवर अंथरलेल्या सोफ्र्यावर, म्हणजे कापडावर, तेव्हा गुडघ्यांसाठी खुर्ची आधीच सांगून ठेवा. शाकाहाराचं नीट ऐका. गोश्त नको म्हटलं की लोक प्रेमाने कोंबडी आणतात, कारण बोलण्यात गोश्त म्हणजे मेंढीचं नाहीतर बैलाचं, कोंबडी त्यात धरत नाहीत. कोंबडी नको, मासा नको असं एकेक नाव घेऊन सांगा. सब्जी म्हणजे भाजी समजू नका, ती कच्च्या पाल्याची ताटली असते, पुदिना, तुळशीसारखी पानं, मुळा. पण पनीर, गरम नान, अक्रोड आणि ती पानं एकत्र खाल्ली की झालं, मला तर रोज तेच हवं असायचं. सोबत मेतकूट न्या, दही-भात सगळीकडे मिळतो.

चहाला साखर ढवळत नाहीत, खडा दातात धरून वरून घोट घेतात. मी चमचा शोधत बसले तर घरातली आजी हसून हसून डोळे पुसायला लागली, मग तिनेच माझ्या हातात खडा दिला. पैसे द्यायला गेलात तर म्हणतील "काबेल नदारे", याची काय किंमत. खरं मानून खिशात घालू नका! हॉटेलच्या गल्ल्यावर आपण दोघं "राहू द्या हो, मी देतो" करत भांडतो ना, तेच आहे हे, दोन-तीनदा आग्रह करायचा आणि मग ते घेतात. निघताना म्हणा "दस्त-ए-शोमा दर्द नकोने", तुमचे हात दुखू नयेत. स्वयंपाकघरातल्या बाईला म्हणून बघा, तोंड बघा तिचं.

नवऱ्याला सांगा, दोन रात्रींचं काम एवढंच. आणि नवरोजच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, सुट्टीत, २० मार्चनंतरचे दोन आठवडे, जाऊ नका, अख्खा इराण फिरायला निघालेला असतो.

प्रश्न: कार्ड चालेल का? गावात भाव कसा करायचा? (कोपरी, ठाणे)

उत्तर: आपलं कार्ड चालत नाही, निर्बंधांमुळे. डॉलर किंवा युरो रोख न्या, शिराजला बदलून घ्या. नोटेवर रियाल असतं आणि लोक बोलतात तोमानमध्ये, १ तोमान म्हणजे १० रियाल, त्यात हजार शब्दही गाळतात, म्हणून आकडा मोबाइलवर टाइप करून घ्या. आकडे वाचताना जपून, फारसीतला पाच उलट्या बदामासारखा गोल दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता टिंब. मी आकडा चुकीचा वाचून डाळिंबवाल्याला पन्नासच्या जागी भलतेच पैसे दिले, तो बिचारा टोपलीभर डाळिंबं घेऊन माझ्यामागे धावत आला.