आरसीवरचं नाव उतरेपर्यंत

चि. ला अनेक उत्तम आशीर्वाद.

जर्मनीचा व्हिसा हातात आला, आता दारातल्या रॉयल एनफील्ड हंटर बाइकचं काय करू, असं तू विचारलंस. चौदा महिन्यांत अवघं ३,२०० किलोमीटर रनिंग. माझ्या मते विकून टाक. दोन-तीन वर्षं उभी राहिली तर बॅटरी जाईल, टायर बसतील, टाकीतलं पेट्रोल नासेल. दर आठवड्याला ती चालू करून ठेवायचं काम आईच्या गळ्यात घालू नकोस.

मात्र तू जाहिरातीत 'शोरूम कंडिशन' लिहिलंयस, ते आधी काढ. दहातल्या नऊ गाड्यांवर हे लिहिलेलं असतं, त्यामुळे कोणी ते वाचतच नाही. पाहिजे ते पुरावे दे. सर्व्हिसिंगच्या बिलांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात. कमी रनिंगवर संशय घेणाऱ्याला त्याहून चांगलं उत्तर नाही. डाव्या क्रॅशगार्डवरच्या ओरखड्याचा जवळून फोटो टाक. स्वतःहून ओरखडा दाखवणाऱ्याच्या बाकीच्या बोलण्यावर माणूस विश्वास ठेवतो, हे मी आयुष्यभर पाहत आलोय. टायरला काळी पॉलिश, इंजिनला चमक असलं काही करू नकोस. साध्या पाण्याने धू, चेनला ल्यूब लाव, पुरे. आणि गिऱ्हाईक येण्याआधी गाडी गरम करून ठेवू नकोस. जाणकार माणूस आधी हात लावून इंजिन गार आहे ना ते बघतो, मग पहिल्या स्टार्टला उठतं की नाही ते तपासतो.

किमतीच्या बाबतीत तू तुझं बिल समोर धरून बसलायस. तिथेच चुकतंय. तू गाडी घेतलीस तेव्हा जीएसटी २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर तो १८ झाला. करापूर्वीची किंमत एक लाख धरली, तर तुला जी गाडी १,२८,००० ला पडली, तीच आज नवी १,१८,००० ला मिळते. घेणारा आजच्या किमतीवरून हिशोब करणार. विम्याच्या आयडीव्हीसाठी, म्हणजे विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते तिच्यासाठी, एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के घसारा धरतात, म्हणजे ९४,४००. तिथून बोलणी सुरू कर. कमी रनिंगचे थोडे जास्त माग, ते रास्तच आहे. रोड टॅक्स आणि सीट कव्हरचे पैसे मात्र विसर.

आता खरं सांगायचं ते. माझी पहिली गाडी मी ओळखीतल्या माणसाला स्टॅम्प पेपरवर विकली. 'नावावर करून घेतो' म्हणाला, मी मान हलवली. सहा वर्षांनी पोलीस दारात आले. गाडी तोवर तिसऱ्याच माणसाकडे होती, अपघात झाला होता आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नाव माझं होतं. वडील माझ्यासोबत कोर्टाच्या पायऱ्या चढत होते, ते मला अजून आठवतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात हेच स्पष्ट केलं: गाडी कितीही हात फिरली, तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची.

म्हणून मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरल्याशिवाय चावी देऊ नकोस. एजंट त्याला टीटीओ सेट म्हणतात. कोऱ्या फॉर्मवर सही करून देणं तर अजिबात नको. कायद्याने राज्यातल्या राज्यात विक्री कळवायला तुला १४ दिवस मिळतात. तू त्याच आठवड्यात कळव. कर्जाचा बोजा आधी उतरवून घे, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागेल. ई-चलान बाकी असेल तर भरून टाक. डिलिव्हरीच्या कागदावर तारखेसोबत वेळही लिही. सही लागेल, ओटीपी येईल, तेव्हा तू इथे असायला हवास. विमान पुढच्या महिन्यात आहे, म्हणजे वेळ फार नाही.

विम्याची थर्ड पार्टी पॉलिसी गाडीसोबत जाते, पण नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुझा असतो. कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेव. तीन वर्षं चालतं, परत आलास की उपयोगी पडेल.

चाचणी राइडला देताना गिऱ्हाइकाचं मूळ लायसन्स आणि त्याच्या गाडीची चावी तुझ्याकडे राहू दे. पैसे आल्याचा मेसेज किंवा स्क्रीनशॉट खरा धरू नकोस, बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसले पाहिजेत. पैसे घ्यायला यूपीआय पिन टाकावा लागत नाही. कोणी टाकायला सांगितला तर बोलणं तिथेच थांबव.

दुसरी चावी आणि टूलकिट शोधून ठेव. मी शनिवारी सकाळी येतो, तोवर गाडी चालू करू नकोस, गारच राहू दे.

तुझा,
काका