'भारित' खर्चातला भार कसला?

प्रश्न असा आहे: विधिमंडळात मांडल्या जाणाऱ्या पुरवणी मागण्यांच्या (अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चाच्या) पुस्तकात काही रकमांपुढे 'दत्तमत' लिहिलेलं असतं, तर काहींपुढे 'भारित'. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचा कोर्टाने हुकूमनामा केला की त्याची रक्कम 'भारित'मध्ये जाते. हा भार कसला? आणि पैसे असे आधीच भारित असतील, तर कलेक्टर कचेरीतली खुर्ची जप्त झाल्याच्या बातम्या का येतात?

'दत्तमत' आधी उरकू. 'दत्तचित्त'सारखाच हा बहुव्रीही आहे. दत्तचित्त म्हणजे ज्याने चित्त दिलं आहे तो. दत्तमत म्हणजे ज्याला सभागृहाने मत दिलं आहे असा खर्च. मंत्री मागणी मांडतात, ती मताला टाकली जाते, विधानसभा ती मंजूर करते, कमी करते किंवा फेटाळते. अर्थसंकल्पी पुस्तकांबाहेर या शब्दाला फारसं आयुष्य नाही.

'भारित' मात्र बऱ्याच ठिकाणी भेटतो आणि म्हणून घोटाळा होतो. भार + इत. पुष्पित, फलित यांतला तोच प्रत्यय, 'ते ज्याला आलं आहे' असं सांगणारा. संख्याशास्त्रात भारित सरासरी असते, तिथे भार म्हणजे वजन. पदार्थविज्ञानात विद्युतभारित कण असतो, तिथे वजनाचा काही संबंध नाही. गाणं ऐकून माणूस भारून जातो तो आणखी वेगळा. खर्चाच्या संदर्भातला 'भारित' (काही ठिकाणी 'प्रभारित' असंही लिहितात) इंग्रजी कायद्यातल्या 'चार्ज'साठी घडवलेला आहे. १९३५च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टमध्ये ही कल्पना होती, तिथून ती राज्यघटनेत आली.

पण अर्थ कळायला इंग्रजीकडे जायची गरज नाही. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना आठवा. सोसायटीचं कर्ज काढलं की तिथे बोजा चढतो. जमीन तुमचीच राहते, पण त्या जमिनीवर कर्ज देणाऱ्याचा हक्क आधी लागतो. राज्याच्या एकत्रित निधीवर (म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर; वर्तमानपत्रं त्याला 'संचित निधी'ही म्हणतात) घटनेने काही देण्यांचा असाच बोजा कायमचा नोंदवून ठेवला आहे. अनुच्छेद २०२(३)मध्ये त्यांची यादी आहे: राज्यपालांचं वेतन, सभागृहांच्या पीठासीन अधिकाऱ्यांचं वेतन, राज्याच्या कर्जावरचं व्याज आणि परतफेड, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन, आणि कोणत्याही न्यायालयाचा न्यायनिर्णय, हुकूमनामा किंवा लवादाचा निवाडा यांची पूर्तता करायला लागणारी रक्कम. केंद्रासाठी हेच अनुच्छेद ११२मध्ये आहे.

कोर्टाचं देणं या यादीत असण्याचं कारण उघड आहे. सरकार हरलं आणि त्या रकमेवर मतदान ठेवलं, तर बहुमताच्या जोरावर कोर्टाचा निकाल सभागृहात पुन्हा पाडता येईल. म्हणून अनुच्छेद २०३ म्हणतो की भारित खर्चावर चर्चा करा, पण तो मताला टाकू नका.

मात्र 'भारित' म्हणजे 'आपोआप दिला जाणारा' असं समजू नये. बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो. अनुच्छेद २६६(३)नुसार एकत्रित निधीतून कायद्यावाचून एक रुपयाही काढता येत नाही, आणि तो कायदा म्हणजे विनियोजन अधिनियम. दत्तमत आणि भारित या दोन्ही रकमा त्यात याव्या लागतात. भारित रक्कम कमी-जास्त करणारी दुरुस्ती आमदाराला सुचवता येत नाही, एवढंच तिचं संरक्षण. मार्चच्या अर्थसंकल्पात तरतूद नसेल, तर पावसाळी किंवा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांची वाट पाहायची. फारच निकड असेल तर आकस्मिकता निधीतून आगाऊ रक्कम काढायची आणि मागाहून विधिमंडळाची मंजुरी घ्यायची. अमेरिकेने आपल्या केंद्र सरकारपुरता हा फेरा १९५६ साली टाळला: हुकूमनाम्यांच्या रकमांसाठी कायमचा खुला निधी ठेवला, त्यामुळे बऱ्याचशा निकालांसाठी काँग्रेसकडे दर वेळी वेगळी मंजुरी मागायला नको. आपल्याकडे तसं नाही.

आता खुर्ची. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ने सरकारला हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीन महिन्यांची मुदत दिली आहे. तेवढ्यात पैसे आले नाहीत की शेतकरी 'दरखास्त' लावतो. (एरवी दरखास्त म्हणजे नुसता अर्ज किंवा प्रस्ताव, आपल्या दिवाणी कोर्टांत मात्र ती हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचीच.) मग जप्तीचं वॉरंट निघतं आणि बेलीफ कचेरीत पोचतो. सातबाऱ्याचा दाखला इथे तोकडा पडतो: बोजा असलेली जमीन अखेर लिलावात काढता येते, पण एकत्रित निधीला बेलीफ हात लावू शकत नाही. म्हणून खुर्ची, संगणक, गाडी. त्यांची किंमत मोबदल्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण साहेबाची खुर्ची गेली की फाईल हलते. तोवर व्याज चढत असतंच. १८९४च्या भूसंपादन कायद्यातल्या जुन्या प्रकरणांत वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के.

आणखी एक गुंता आहे. जमीन संपादन करतात जिल्हाधिकारी, पण पुष्कळदा ती लागते एखाद्या महामंडळाला, उदाहरणार्थ १९९६ साली स्थापन झालेल्या कृष्णा खोरे विकास महामंडळाला. महामंडळाची तिजोरी वेगळी, महापालिकेचीही वेगळी. त्यांनी द्यायची रक्कम राज्याच्या एकत्रित निधीवर भारित होत नाही. सरकारने त्यांना मदत करायची ठरवली तर ती अनुदान किंवा कर्ज म्हणून जाते, म्हणजे पुन्हा दत्तमत. बातमीत सगळ्यालाच 'सरकार हरलं' म्हणतात, त्यामुळे पैसे कोणी आणि कुठून द्यायचे हे वाचकाला कळतच नाही.

मग 'भारित' सोडून सरळ 'बोजा' लिहावं का? माझं मत नाही. 'तिजोरीवर अमुक कोटींचा बोजा' हा मथळा आपण रोज वाचतो, आणि तिथे बोजा म्हणजे नुसता खर्च, मग तो महागाई भत्त्याचा असो की कर्जमाफीचा. हे दोन्ही खर्च दत्तमतच. अर्थ सांगताना सातबाऱ्यावरचा बोजा दाखवावा. लिहिताना 'भारित'च ठेवावं, आणि पहिल्या वेळी पुढे 'म्हणजे मतदानाला न टाकता येणारा' एवढं जोडावं.