भाडं स्वस्त, भिंत गार

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

नोकरी लेस्टरला आणि घर साउथ विगस्टनला, हा बेत चांगला आहे. रेल्वेनं पुढचंच स्टेशन लेस्टर, ब्लॅबी रोडवर रोजची दुकानं, मागं ग्रँड युनियन कालवा. भाडं शहराच्या मध्यापेक्षा कमी. पण इंग्लंडच्या उपनगरातलं स्वस्त भाडं हा अर्धाच हिशेब असतो. उरलेला अर्धा बॉयलर, ओल आणि काउन्सिल टॅक्स (तिथल्या पालिकेचा घरकर) यांच्यात लपलेला असतो, आणि तो घर बघायला जातानाच वाचता येतो.

आधी एक शब्द. जाहिरातीत ‘टेरेस हाऊस’ लिहिलंय म्हणून गच्ची शोधू नये. ती एकमेकांना चिकटून ओळीनं बांधलेली घरं असतात, दोन्ही बाजूंची भिंत शेजाऱ्याशी सामाईक. साउथ विगस्टन हे गावच मुळात ऑर्सन राइट नावाच्या वीट कारखानदार-बिल्डरनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उभं केलं, त्यामुळे जुन्या गल्ल्यांत अशीच लाल विटांची घरं आहेत. दिसायला देखणी. राहायला कशी, ते भिंत सांगते.

म्हणून घरात शिरण्याआधी बाहेर दोन मिनिटं थांबून विटा बघ. सगळ्या विटांची लांब बाजूच दिसत असेल, तर बहुतेक ती पोकळीची भिंत: आत दोन थर, मधे हवा किंवा इन्सुलेशन. एक लांब, एक आखूड असा क्रम दिसत असेल, तर आखूड वीट आडवी भिंतीच्या आरपार गेलेली आहे. म्हणजे नऊ इंची भरीव भिंत, पोकळी नाही. तिची आतली बाजू थंडीत गार पडते आणि घरातली वाफ तिथंच पाणी होऊन बसते. भरीव भिंतीचं घर घेऊच नये असं माझं म्हणणं नाही, पण मग कपाट आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून निदान पाच सेंटिमीटर लांब ठेवायचे. भिंतीला टेकवलेल्या कपाटामागं पहिल्याच हिवाळ्यात काळी बुरशी धरते. जमिनीजवळ जाळीच्या विटा असतात, त्यातून वारा येतो म्हणून त्या बुजवू नकोस. लाकडी जमिनीखालची हवा खेळती राहायला त्या ठेवलेल्या असतात.

घर शक्यतो पावसाच्या दुसऱ्या दिवशी आणि संध्याकाळी बघ. जिन्याखालचं कपाट उघडून वास घे. एकाच कोपऱ्याला ताजा रंग असेल तर तिथं काय होतं, हे थेट विचार. गाडी घ्यायची असेल तर संध्याकाळी सातला रस्त्यावर किती जागा उरते तेही दिसेल. आणि शेजाऱ्याच्या फुटपाथचा काठ उतरता केलेला असेल, तर त्याच्यासमोर गाडी लावायची नसते. तो त्याचा आत जायचा रस्ता.

घराचं ऊर्जा प्रमाणपत्र पत्ता टाकून इंटरनेटवर फुकट बघता येतं. ए ते जी अशी श्रेणी असते, आणि काही अपवाद वगळता ई च्या खालचं घर भाड्यानं देता येत नाही. डी आणि ई यांच्यात भाड्याचा फरक थोडा असला, तरी गॅसच्या बिलात तो निघून जातो.

आता बॉयलर. स्वयंपाकघरातली भिंतीवरची पांढरी पेटी. नळाचं गरम पाणी आणि रेडिएटर, दोन्ही तीच सांभाळते. थंड असताना तिचा पाण्याच्या दाबाचा काटा 1 ते 1.5 बार दाखवायला हवा. फार खाली आला की ती बंद पडते. बऱ्याच बॉयलरखाली जाळीदार स्टीलची एक लवचिक नळी असते, तिच्या टोकाची झडप हळूहळू उघडायची, काटा 1.5 ला आला की लगेच बंद करायची. दोन झडपा असतील तर दोन्ही. नीट बंद झाली नाही तर दाब 3 बारपर्यंत चढतो आणि सुरक्षा झडपेतून पाणी बाहेर पडू लागतं. दर आठवड्याला पाणी भरावं लागत असेल, तर कुठंतरी गळती आहे. ती शोधणं घरमालकाचं काम, तुझं नव्हे.

कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुळगुळ आवाज करून बंद पडला, तर बहुधा बाहेर गेलेली प्लॅस्टिकची बारीक नळी गोठलेली असते. तिच्यावर कोमट पाणी ओतायचं, उकळतं नाही, नळी तडकते. रेडिएटरकडं जाणाऱ्या पाण्याचं तापमान पुष्कळदा 75-80 अंशांवर ठेवलेलं असतं. ते 60 वर आण, खोली तेवढीच गरम होते आणि गॅस कमी लागतो. मालकानं दर वर्षी गॅस तपासणी करून तिचा दाखला भाडेकरूला द्यायचा असतो. किल्ली घेण्याआधी तो हातात असू दे.

ओलीचं खरं कारण पुष्कळदा आपल्याच सवयी असतात. धुतलेल्या कपड्यांचा एक पूर्ण घाणा रेडिएटरवर वाळवला की दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. वरण-भाताचा कुकर, चहाचं आधण, गरम पाण्याची आंघोळ, त्यात खिडक्या बंद. कपडे एकाच खोलीत वाळव, त्या खोलीचं दार लाव आणि खिडकी बोटभर उघडी ठेव. आंघोळीनंतर न्हाणीघरातला हवा बाहेर टाकणारा पंखा वीस मिनिटं चालू दे. सकाळी काचेवरचं पाणी फडक्यानं पुसून फडकं बाहेर पिळ. आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो. काटा 40 ते 60 टक्क्यांत राहिला की निर्धास्त. एवढं करूनही छतावर डाग पसरला तर दोष पन्हळीचा किंवा कौलांचा, आणि मग फोटो जोडून ईमेल. फोनवरचं बोलणं पुरावा ठरत नाही.

पैशांचं. समजा भाडं महिना 900 पौंड. 2019 च्या कायद्याप्रमाणे घर राखून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्याइतकीच रक्कम घेता येते, म्हणजे 207 पौंड 69 पेन्स. अनामत पाच आठवड्यांची, 1,038 पौंड 46 पेन्स. एजंटानं ‘कागदपत्रांचा खर्च’ म्हणून वेगळं काही मागितलं तर देऊ नकोस. अनामत 30 दिवसांत सरकारमान्य तीन योजनांपैकी एकीत जमा करून त्याची माहिती तुला द्यायची असते. ‘तुमचा इथला आर्थिक इतिहास नाही, सहा महिन्यांचं भाडं आधी द्या’ असं नव्यानं आलेल्यांना सर्रास सांगितलं जायचं. 1 मे 2026 पासून एका महिन्याहून जास्त आगाऊ मागता येत नाही. जामीनदार मात्र मागू शकतात, कंपनी तो होते का ते आत्ताच विचारून ठेव.

काउन्सिल टॅक्स भाड्यात धरलेला नसतो. घराची 1991 सालची किंमत धरून ए ते एच असे गट पाडलेत. साउथ विगस्टनची जुनी घरं बहुतेक ए किंवा बी मध्ये. ए गटाला डी गटाच्या 6/9 इतकाच कर. एकटं राहत असशील तर 25 टक्के सूट मिळते, पण अर्ज करावा लागतो. पूर्णवेळ शिकणारा घरात असेल तर तो मोजला जात नाही, सूट कायम. हप्ते एप्रिल ते जानेवारी दहा. मागितले तर बारा करून देतात.

राहायला गेल्याच दिवशी वीज, गॅस आणि पाण्याचे मीटर असतील त्यांचे आकडे फोटोत घे. तसं केलं नाही तर आधीच्या भाडेकरूचा वापर तुझ्या बिलात येऊन बसतो. थेट क्रिकेट कुठल्याही टीव्ही चॅनेलवर किंवा ॲपवर त्याच वेळी बघायचं असेल, तर टीव्ही लायसन्स लागतं. मतदार यादीतही नाव घाल. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले, त्यामुळे वैध व्हिसावर राहणाऱ्याला इथं मतदान करता येतं, आणि यादीतल्या पत्त्याचा पुढं बँकेत, मोबाइलच्या करारात उपयोग होतो. डॉक्टरकडं नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. रिसेप्शनवर नाही म्हणाले तर हे शांतपणे सांग.

सामानाचं बोलायचं तर किराणा बेलग्रेव्ह रोडवर, शहराच्या पलीकडच्या बाजूला. दुकानं गुजराती, तेव्हा ज्वारीच्या पिठाच्या पिशवीवर ‘जुवार’ शोध. गोडा मसाला घरून आण. कुकर बांधण्याआधी शेगडी कसली ते विचार. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणारच नाही. सकाळी सहाला मिक्सर लावू नकोस, पलीकडे शेजाऱ्याचं डोकं त्याच भिंतीला असतं.

डिसेंबरात चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी. गल्ली सुनसान वाटेल, पण कचऱ्याची पेटी चुकीच्या दिवशी बाहेर काढलीस की कोणीतरी हमखास सांगायला येईल, आणि ‘मी डक’ (तिथल्या बोलीत ‘माय डक’) म्हणून हाक मारील. ती शिवी नव्हे, ‘बाळा’ म्हटल्यासारखं आहे. पेटीचा दिवस त्याच माणसाला विचारून ठेव.

घर बघून झालं की दोन फोटो पाठव: बाहेरच्या भिंतीच्या विटांचा, आणि बॉयलरच्या काट्याचा.