जुन्या दगडी पुलाला सिमेंट का मारू देत नाहीत?

गावाजवळचा मध्ययुगीन दगडी पूल संरक्षित स्मारक आहे, दगडांमधल्या दरजा उघड्या पडल्यात, तरी सिमेंट मारू देत नाहीत. असं का आणि परवानगी कोण देतं, असं तुम्ही विचारलंय.

मारू देत नाहीत तेच बरं. मी हे विहीर घालवून शिकलोय.

अमळनेर तालुक्यात आमची पणजोबांच्या वेळची बांधीव विहीर होती. सात पुरुष खोल, काळा दगड, घाणीतला चुना. दरजांतून पिंपळ फुटायला लागला तसं थोरल्या भावानं सिमेंटचं काढलं. आप्पा म्हणाले, चुन्याचं काम येणारा गवंडी शोध. "काही व्हत नही, आप्पा," म्हणत भावानं दोन दिवसांत झाडून सगळ्या दरजा बुजवल्या. माल मीच कालवून देत होतो, तोंडातून शब्द काढला नाही. विहीर दिसायला झकास! तिसऱ्या पावसाळ्यात थारोळ्याकडच्या, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं तिकडच्या, भिंतीनं पोट काढलं आणि पोळ्याच्या आदल्या रात्री ती बाजू आत गेली. आप्पांनी दुसऱ्या दिवशी बैल सजवले, पण दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

काळी माती पाणी पिऊन फुगते. पूर्वी ते पाणी चुन्याच्या दरजांतून पाझरायचं, सिमेंटनं वाटच बंद झाली. पुलाचंही तेच. कमानीवरच्या भरावात पाणी उतरणारच, त्याला बाहेर पडायला जागा हवी. शिवाय कमान जराशी हलली तर चुना सोसतो; सिमेंट आडमुठं, मग दगडाचीच कड उडते. हैदराबादचा पुराना पूल १५७८ सालचा, मुसी नदीवर २२ कमानी. तेव्हा कुठलं आलंय सिमेंट?

परवानगीचं म्हणाल तर केंद्राचं स्मारक असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचं असल्यास राज्याचं पुरातत्त्व खातं. अर्जाचं तिथंच विचारा. परस्पर हात लावू नका. केंद्राच्या स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे.

मी इंजिनिअर नाही, आणि सिमेंटशी माझं वैर नाही. माझं स्वतःचं घर स्लॅबचं आहे. पण घरात कुणी "दोन दिवसांत करून टाकतो" म्हणाला, तर त्याला पुलाकडे फिरकू देऊ नका. आमचा भाऊ आजही पाहुण्यांना सांगतो, त्या साली पाऊसच फार झाला. बांधापलीकडे काकांची विहीर आहे, आमच्याएवढीच जुनी. तिच्या दरजा त्यांनी चुन्यानं भरून घेतल्या होत्या. यंदाही तिच्यावर गहू भिजला.