दहावीच्या विज्ञानासाठी मित्रांना मदत केल्याने हुशार मुलाचा वेळ वाया जातो का?

आपला मुलगा दहावीला आहे, विज्ञानात चांगला आहे, आणि परीक्षा जवळ आलेली असताना वर्गातले दोन मित्र रोज संध्याकाळी शंका विचारायला घरी येतात. त्यात त्याचा वेळ वाया जातो का, जात असल्यास मित्रांना न दुखावता कसे थांबवावे आणि अभ्यासाचे वेळापत्रक कसे असावे, असे आपण विचारले आहे. वेळ वाया जात नाही आणि त्यांना थांबवू नये, हे माझे मत आहे. दहावीच्या वर्षी मीही असाच एका घरी रोज संध्याकाळी जात होतो आणि त्या घरातल्या मोठ्या माणसालाही हाच प्रश्न पडला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मी कोकणातल्या हर्णै बंदराचा. मार्च 2019 मध्ये दहावीची परीक्षा दिली. नव्या पाठ्यपुस्तकांवर परीक्षा देणारी आमची पहिलीच तुकडी होती, त्यामुळे आदल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवून तयारी करण्याचा नेहमीचा मार्ग आमच्यासाठी जवळजवळ बंद होता. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग, प्रत्येकी 40 गुण आणि दोन तास, वर प्रात्यक्षिकाचे 20 गुण, एवढे ठाऊक होते. धड्यावर नेमके काय आणि कसे विचारतील, हे मात्र शिकवणीवाल्यांनाही छातीठोकपणे सांगता येत नव्हते. तेव्हा मी आणि माझा वर्गमित्र, आम्ही दोघांनी प्रश्न स्वतःच काढायचे, एकमेकांना घालायचे आणि एकमेकांचे पेपर लाल पेनाने तपासायचे असे ठरवले. मित्र वर्गात पहिल्या दोघांत असे, मी काठावर. अभ्यास त्याच्या पडवीत चाले.

जानेवारीत त्याच्या वडिलांनी माझ्या आईला बाजारात गाठले. आई हर्णैच्या लिलावातून मासळी घेऊन दापोलीला विकायला बसत असे. चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी तिला सांगितले, की तुमच्या मुलाला शिकवता शिकवता आमच्या मुलाचे गुण जातील, तेव्हा परीक्षा होईपर्यंत त्याला पाठवू नका. आई फक्त ‘बरं भाऊ’ म्हणाली आणि बांगड्यांचे वाटे लावू लागली. कोळंबीचा वाटा मात्र त्यांनी त्या दिवशीही तिच्याकडूनच नेला.

हिशोब कोण कोणाला शिकवतो यावरच करायचा असेल, तर तो त्यांनी पुरता तरी करायला हवा होता. भिंगांच्या धड्यात वस्तूचे अंतर ऋण का धरायचे, हे मला काही केल्या कळत नव्हते. मित्राने सांगितले की नियमच तसा आहे. मी पुन्हा ‘का’ म्हणून विचारले, तेव्हा त्याला पुस्तक उघडावे लागले. प्रकाशीय मध्य, म्हणजे भिंगाचा मधला बिंदू, हा आरंभबिंदू मानायचा, वस्तू भिंगाच्या डावीकडे ठेवायची, सगळी अंतरे प्रकाशीय मध्यापासून मोजायची आणि डावीकडची ऋण, उजवीकडची धन, हे सारे त्याला तोंडपाठ होते. परंतु भूमितीत आपण ज्या एक्स अक्षावर बिंदू मांडतो तोच हा अक्ष आहे, हे मला समजावण्यासाठी आकृती काढायला बसल्यावर त्याच्या प्रथमच लक्षात आले. त्यानंतर अंतर्वक्र भिंगाच्या उदाहरणात त्याचे चिन्ह कधी चुकले नाही. नाभीय अंतर उणे 20 सेंटिमीटर असले की शक्ती उणे 5 डायॉप्टर, हे तो सूत्र न आठवता सांगू लागला. मी ‘का’ विचारले नसते, तर हे त्याला कोणी दिले असते?

प्राण्यांच्या वर्गीकरणात पारडे उघडच माझ्याकडे झुकले. मृदुकाय प्राण्यांची लक्षणे त्याने पाठ केली होती, तरीही माकुल, म्हणजे स्क्विड, हा मासाच, कारण तो मासळीच्या पाटीत असतो, अशी त्याची समजूत होती. मी त्याला घरी नेले. आईने विळीवर माकुल चिरले आणि आतून एक पातळ, पारदर्शक, प्लॅस्टिकच्या पट्टीसारखी काडी ओढून त्याच्या हातावर ठेवली. शिंपल्याचे जे कवच बाहेर असते त्याचाच हा आत राहिलेला अवशेष आहे, हे पुस्तक आणि ती काडी शेजारी ठेवून आम्ही जुळवले. किनाऱ्यावर वाहून येणारा, हलका, पांढरा समुद्रफेन हाही माकुलाच्याच भाऊबंदांपैकी एकाचे आतले कवच असते. मुशीचे, म्हणजे शार्कचे, सारे हाड म्हणजे लवचिक कास्थी आणि सुरमईचा काटा म्हणजे अस्थी, हा फरकही त्याला विळीवरच कळला. हे शिकवणीत मिळत नाही आणि ज्यांच्या घरी मासळी साफ करून येते त्यांना तर मुळीच मिळत नाही.

लाल पेनाचा उपयोग सर्वांत जास्त झाला तो ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नात. सूर्य मावळल्यानंतरही थोडा वेळ दिसत राहतो, याचे कारण मित्राने एका शब्दात लिहिले होते, ‘अपवर्तनामुळे’. मी दोनपैकी एकच गुण दिला. तो भांडला, पण जमिनीकडे येताना हवेची घनता आणि तिच्याबरोबर अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, वाढत जातो, म्हणून किरण वाकत येतात आणि सूर्य क्षितिजाखाली गेला तरी दिसतो, हे त्याने लिहिलेच नव्हते. हुशार मुलाला उत्तर ठाऊक असते म्हणून तो मधल्या पायऱ्या गाळतो, आणि ज्याला ते ठाऊक नसते त्याला त्या गाळलेल्या पायऱ्या लगेच जाणवतात. परीक्षक गुण त्या पायऱ्यांचेच देतो.

त्या वर्षी राज्याचा निकाल 77.10 टक्क्यांवर घसरला, तरी कोकण विभाग 88.38 टक्क्यांसह पहिला आला. आपल्याकडे त्याचा अभिमान सगळेच मिरवतात, मित्राचे वडीलही मिरवतात. त्या टक्क्यांत दुसऱ्याच्या पडवीत बसून उत्तीर्ण झालेली मुलेही धरलेली आहेत, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. मित्राचे गुण गेले नाहीत. आम्ही नंतर शाळेच्या व्हरांड्यात बसू लागलो, एवढाच त्या निरोपाचा परिणाम झाला.

आता काही गोष्टी पथ्याच्या. मुलगा व्याख्यान देत असेल आणि मित्र नुसते लिहून घेत असतील, तर मात्र खरोखरच तिघांचाही वेळ जातो. बोलायला मित्रांना लावावे आणि आपल्या मुलाने अडवून प्रश्न विचारावेत. उदाहरणे प्रत्येकाने एकट्याने सोडवावीत, उत्तरे तेवढी नंतर ताडून पाहावीत. मोबाइलवर वह्यांची छायाचित्रे पाठवणे ही मदत नव्हे. प्रात्यक्षिक लेखी परीक्षेच्या आधी होते, त्यामुळे प्रयोगवही कोणी कोणाची उतरवत बसू नये. आणि मुलालाच ते मित्र नको झाले असतील, तर वर लिहिलेले सारे बाजूला ठेवून त्याचे ऐकावे, पण निरोप त्याने स्वतः द्यावा, आपण त्यांच्या आईला बाजारात गाठून देऊ नये. वेळापत्रकाचे म्हणाल, तर ते या तिघांनाच एका कागदावर लिहून आणायला सांगा.