एमबीए, एमटेक की एमसीए? फाउंड्रीच्या ऑफिसातून आलेला प्रश्न

प्रश्न : मॅडम, मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बेळगावात बीसीए. सध्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या) ऑफिसात ईआरपीच्या, म्हणजे कारखान्याचे सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, एंट्र्या करते, रिपोर्ट काढते. मला कॉम्प्युटरमध्येच पुढे शिकायचंय, पण जन्मभर नुसतं कोडिंग नको. काम आणि माणसं सांभाळायला आवडेल. बाबा म्हणतात एमबीए कर, कॉलेजचे सर म्हणतात एमटेक बघ, पुण्याचा मामेभाऊ म्हणतो एमसीए. इंग्रजी बोलताना अडखळते. काय करू?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : मामेभावाचं ऐक. एमसीए ही कॉम्प्युटरचीच पदव्युत्तर पदवी. एमटेकला बहुतेक ठिकाणी बीई, नाहीतर एमसीए किंवा एमएस्सी लागते. एमटेकच्या प्रवेशाची गेट परीक्षा तुला देता येईल, पण तेवढ्यावर ही अट सुटत नाही. तो विषय आता मिटव.

बाबांचं म्हणणं मात्र सोडून देण्यासारखं नाही. एमबीएत हिशेब, मार्केटिंग, मनुष्यबळ सगळं येतं, आणि घरचा कारखाना असता तर मीही तेच सुचवलं असतं. पण तुला सांभाळायचंय ते सॉफ्टवेअरचं काम, आणि त्याचं गणित निराळं असतं. आयबीएमच्या ओएस/३६० या मोठ्या प्रकल्पाची धुरा वाहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली लिहून ठेवलंय की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं घातली, तर ते आणखी रखडतं. नव्यांना समजावण्यात जुन्यांचे दिवस जातात आणि एकमेकांना विचारणं-सांगणं भराभर वाढतं. ५ जणांत १० जोड्या होतात, १० जणांत ४५. मी पुण्यात टेस्टिंगपासून सुरुवात करून प्रोजेक्ट सांभाळण्यापर्यंत गेले, आणि माझं ठाम मत आहे की ज्याने दुसऱ्याच्या कोडमध्ये रात्री घातल्या आहेत, त्यालाच 'हे काम किती दिवसांचं' याचा अंदाज बांधता येतो. म्हणून आधी एमसीए. दोन-चार वर्षं टीममध्ये काम केल्यावरही एमबीए करावंसं वाटलं, तर तेव्हा कर. तेव्हा तिथलं सगळं जास्त समजेल.

एमसीए २०२० पासून दोन वर्षांचं झालंय. कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस, अभ्यासक्रम उघडून बस. डेटाबेस आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग सगळीकडे असतंच. प्रोजेक्ट मॅनेजमेंट, ईआरपी, व्यवसायाच्या हिशेबाची ओळख हे ऐच्छिक विषयांत आहेत का ते शोध. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय आपल्या मच्छेलाच आहे, गोगटे इन्स्टिट्यूट तर तुझ्या उद्यमबागेतच. घर सोडायची घाई नको.

आता तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. ती फाउंड्रीची नोकरी तू ओझरती सांगितलीस, पण तुझं भांडवल तेच आहे. तुझ्या ईआरपीत कास्टिंगचा (ओतीव भागाचा) हीट नंबर, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक, असतो. रिजेक्शन, म्हणजे नापास झालेले नग, कुठे लिहितात? बऱ्याच ठिकाणी इन्स्पेक्शनच्या टेबलावर एक वेगळं रजिस्टर असतं आणि महिन्याअखेर त्यातला फक्त एकूण आकडा कॉम्प्युटरवर चढतो. मग ब्लोहोल (कास्टिंगमध्ये राहिलेल्या हवेच्या पोकळ्या) कुठल्या हीटमध्ये जास्त आले, त्या दिवशी वाळूत ओल किती होती, पॅटर्न (साचा करायचा नमुना) कुठला होता, हे कुणालाच जोडून दिसत नाही. हे जोडून दाखवणं हा एमसीएच्या शेवटच्या सत्राचा उत्तम प्रोजेक्ट आहे. त्यात डेटाबेस आहे, प्रोग्रॅमिंग आहे, आणि मोल्डिंगपासून (साचे करण्यापासून) फेटलिंगपर्यंतच्या (कास्टिंग घासून साफ करण्यापर्यंतच्या) माणसांना 'रोज दोन ओळी भरा' हे पटवून देणंही आहे. तुला हवं असलेलं व्यवस्थापन ते हेच. मालकांची लेखी परवानगी मात्र आधी घे. गिऱ्हाइकांची नावं आणि दर प्रोजेक्टच्या पानांत येता कामा नयेत.

आणि यातच तुझ्या इंग्रजीचं उत्तर आहे. मोल्डिंगचा सुपरवायझर मराठीत सांगेल, स्टोअरकीपर कन्नडमध्ये, आणि तुला ते इंग्रजीत नीट लिहून काढायचंय. सॉफ्टवेअरची अर्धी फसगत 'गिऱ्हाइकाला नक्की काय हवं' हे न कळल्याने होते, आणि आपल्या भागातली मुलगी तिथे पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते. कन्नड तोडकंमोडकं असेल तर सुधार, अगदी मनापासून. इंग्रजीसाठी रोज संध्याकाळी दिवसभराच्या कामाची पाच वाक्यं लिही आणि ती मोठ्याने वाच. मुलाखतीत विचारतात ते तुझ्या कामाबद्दलच.

परीक्षांचं थोडक्यात. कर्नाटकात केईएची (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची) पीजीसीईटी, महाराष्ट्रात सीईटी सेलची एमसीए सीईटी, आणि सुरतकलसारख्या एनआयटीतल्या एमसीएसाठी निमसेट ही प्रवेश परीक्षा. निमसेटला गणित जड असतं, तेव्हा आजपासून बस. सीमाभागातल्या शाळेतून दहावी किंवा बारावी झालेल्या, मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत वेगळी तरतूद आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेली ८६५ गावं त्यात धरतात. आपल्याकडची कितीतरी मुलं दाखला वेळेत न काढल्याने ही संधी घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं. माहितीपुस्तिकेत दाखल्यांचे नमुने दिलेले असतात. ते छापून घे आणि अर्ज सुटायच्या आधीच शाळेत आणि तहसीलदार कचेरीत जाऊन ये.

प्रश्न : मी निपाणीत पतसंस्थेत नोकरीला आहे, बी.कॉम. झालोय. नोकरी न सोडता ऑनलाइन एमसीए केलं तर चालतं का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : चालतं, विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमासाठी यूजीसीची मान्यता असेल तर. ती पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात. इग्नूचं एमसीए आहेच. यूजीसीच्या संकेतस्थळावर त्या वर्षाच्या यादीत विद्यापीठाचं नाव स्वतः बघा, फोन करणाऱ्या एजंटाच्या शब्दावर पैसे भरू नका. 'घरबसल्या एमटेक' असं कुणी सांगितलं तर तिथेच फोन ठेवा, कारण इंजिनिअरिंगच्या पदव्या दूरशिक्षणातून देता येत नाहीत. बारावीला किंवा पदवीला तुमचं गणित होतं का, ते कळवा. नसेल तर प्रवेशाची अट आणि ब्रिज कोर्स (राहिलेला विषय भरून काढणारा छोटा कोर्स) दोन्ही विचारून घ्यावं लागेल.