रोजच्या लिखाणासाठी परवडणारं, खटका दाबून उघडणारं शाईपेन कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की बँकेत काउंटरवर बसता, दिवसभर दोन-दोन ओळींच्या नोंदी करायच्या असतात आणि दर वेळी टोपण काढून लावायचा आता वैताग आलाय. बॉलपेनासारखं खटका दाबून उघडणारं शाईपेन हवंय, तीन हजारांच्या आत, आणि राहता नागपुरात.

मी इथल्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. तुमची अडचण मला चांगली ठाऊक आहे. उलटतपासणी चालू असते, डाव्या हातात फाईल, उजव्या हातात पेन, साक्षीदार नेमकं कामाचं बोलतो आणि टोपण ठेवायला तिसरा हात नसतो. चार वर्षं झाली, मी खटक्याचंच शाईपेन वापरते. तुमच्या बजेटात माझं उत्तर आहे माजोन कंपनीचं ए1, बारीक निबचं आणि क्लिप असलेलं. पण मागवण्याआधी खाली सांगितलेली काडीची परीक्षा नक्की करा, कारण काही जणांच्या हाताला हा प्रकार मानवतच नाही.

या पेनांचा मूळ नमुना जपानी. पायलट कंपनीने 1963 मध्ये ‘कॅपलेस’ आणलं. अमेरिकेत तेच ‘व्हॅनिशिंग पॉइंट’ या नावाने ओळखलं जातं. ते आजही मिळतं आणि उत्तम आहे, पण निब 18 कॅरट सोन्याचं, त्यामुळे किंमत दहा हजारांच्या वर जाते. प्लॅटिनम या दुसऱ्या जपानी कंपनीचं ‘क्युरिदास’ पोलादी निबमुळे बरंच स्वस्त पडतं, तरी तीन हजारांत बसत नाही. उरतात चिनी पेनं. माजोन (पूर्वीचं मूनमॅन) ए1 धातूचं आणि वजनदार आहे, ए2 प्लास्टिकचं आणि हलकं. त्याहूनही कमी पैशांत जिनहाव 10 मिळतं. किमती वर-खाली होत असतात, तरी ही तिन्ही साधारण तुमच्या आवाक्यातली आहेत. यांची निबं पोलादाची. रोजच्या नोंदींना सोन्याच्या निबची काहीएक गरज नाही, पोलादी निब नीट घासलेलं असेल तर छान चालतं.

स्वस्त पेन घेताना लोक निब बघतात, रंग बघतात, खटक्याचा आवाज ऐकतात. तुम्ही झडप बघा. टोपणाच्या पेनात निब सुकू न देण्याचं काम टोपण करतं. इथे टोपणच नाही. पेनाच्या तोंडाशी आत एक इवलीशी झडप असते. खटका दाबला की निब पुढे येताना तिला बाजूला सारतं, आणि निब मागे गेलं की बारीक स्प्रिंग तिला पुन्हा तोंडावर आणून बसवते. सगळी मदार त्या झडपेवर. आणि आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. पारा 45 च्या घरात, कोरडी हवा, त्यात नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस. मुंबईच्या दमट हवेत झडपेतली जी फट खपून जाते, ती नागपुरात मे महिन्यात खपत नाही.

हे मी नुकसान सोसून शिकले. माझं पहिलं खटक्याचं पेन दुसऱ्याच एका कंपनीचं होतं, अगदी स्वस्तातलं. हिवाळ्यात सुरेख चाललं. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली आणि ते आठवडाभर टेबलावर पडून राहिलं. उघडलं तर चार ओळी नुसते ओरखडे उठले, शाई नाहीच. धुतलं, भरलं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च समोरून पेनाच्या तोंडावर धरला. झडप बंद झालेली दिसत होती, पण एका कडेला केसाएवढी काळी रेघ होती. ती फट. ओल्या कापसाच्या काडीने कड पुसली, वाळलेली शाई निघाली, तरी रेघ तशीच राहिली. झडप मुळातच तिरकी बसवलेली होती. नवं पेन आलं की सगळ्यात आधी हे टॉर्चचं काम करा. खटका दहा-बारा वेळा दाबा-सोडा आणि दर वेळी झडप त्याच जागी येऊन पूर्ण बसते का ते बघा.

आता काडीची परीक्षा. या पेनांची क्लिप निबच्या बाजूला असते, म्हणजे बोटांनी पेन धरता अगदी तिथेच. ती चुकून तिथे गेलेली नाही. खिशात पेन निब वर करून राहावं, शाई खाली उतरू नये, म्हणून ती तिथे आहे. पण लिहिताना ती अंगठा आणि तर्जनीच्या मधे येते. ज्यांची पकड सरळ तीन बोटांची, त्यांना उलट आधार वाटतो. ज्यांचा अंगठा तर्जनीवर चढतो त्यांना ती टोचते. घरी एक साधं बॉलपेन घ्या, टोकापासून थोडं वर, बोटं टेकतात तिथे, आगपेटीची काडी लांबीच्या दिशेने सेलोटेपने चिकटवा. काडी वरच्या बाजूला, निबच्या पाठीवर येते तशी ठेवा आणि दोन पानं लिहा. दुसऱ्या पानावर काडीचा विसर पडला तर पेन खुशाल मागवा. बोट सारखं सरकवावं लागत असेल तर हे पेन तुमच्यासाठी नाही, कितीही आवडलं तरी.

ए1 बिनक्लिपचंही येतं. टोचण्याचा प्रश्न मिटतो, पण ते खिशात उभं राहत नाही आणि टेबलावरून घरंगळतं. काउंटरवर तुम्हाला ते परवडणार नाही.

निब बारीकच घ्या. इंग्रजी सह्यांना जाड निब शोभतं, पण आपल्या लिपीत शिरोरेघ आहे, वेलांट्या आहेत, जोडाक्षरं आहेत. जाड निबने ‘राष्ट्र’ किंवा ‘क्षेत्र’ लिहून बघा, मधली पोकळीच भरून जाते आणि अनुस्वार टिंबाऐवजी डाग होऊन बसतो. त्यात सरकारी रजिस्टरांचा कागद शाई शोषणारा, रेघ आहे त्याहून जाड होते.

शाईसाठी लांब जायला नको. कॅम्लिनची रॉयल ब्ल्यू बर्डीवर, महालात, कुठल्याही जुन्या स्टेशनरीच्या दुकानात विचारून बघा. स्वस्त आहे, पातळ आहे, धुऊन पटकन निघते, आणि या पेनांना नेमकं तेच हवं. सुलेखाची शाईही मला आवडते. चमकीच्या शाया आणि चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई मात्र चुकूनही भरू नका. झडपेची स्प्रिंग इतकी नाजूक असते की तिथे थर साचला की पेन संपलं म्हणून समजा. एक गोष्ट तुमच्या कामासाठी खास: रॉयल ब्ल्यू पाण्याने जाते. कायम राहायला हवी अशी सही तिने करू नका. आणि कार्बन घालून पावती फाडायची असेल तिथे शाईपेनाचा उपयोग नाही, दाब दिला तर निबच फाकेल. त्यासाठी शेजारी एक बॉलपेन असू द्या, मीही ठेवते.

उन्हाळ्यातलं आणखी एक. भर दुपारी गाडीवरून पेन नेलं की आतली हवा तापून फुगते आणि शाईला पुढे ढकलते. शाईची नळी जितकी रिकामी, तितकी आत हवा जास्त आणि थेंब पडायची भीती जास्त. म्हणून एप्रिल-मेमध्ये मी सकाळी घरून निघताना पेन भरूनच घेते, आणि पोचल्यावर निब वर करून खटका दाबते, म्हणजे हवा आधी बाहेर पडते. या पेनात नळी लहान असते, शाई कमी मावते. मला दोन-तीन दिवसांनी भरावंच लागतं. तुमचं लिखाण जास्त असेल तर रोज संध्याकाळी भरायची सवय लावून घ्या.

माझ्या कपड्यांना खिसा नसतो, पेन पर्समध्ये जातं. तिथे ते आडवं पडतं आणि किल्ल्या, मोबाइल यांच्या दाबाने खटका आपोआप दाबला जातो. एकदा वकालतनाम्याच्या कोऱ्या प्रतींवर हाताएवढा निळा डाग पडला, पक्षकार समोर उभा. तेव्हापासून चष्म्याच्या जुन्या कडक डबीत ठेवते. तुम्ही शर्टाच्या खिशाला लावणार असाल तर लावण्याआधी निब आत गेलंय ना हे डोळ्यांनी बघायचं, अंदाजावर सोडायचं नाही. या पेनाचा खटका बॉलपेनापेक्षा बराच खोल जातो. अर्धवट दाबला तर निब नीट आतही राहत नाही आणि बाहेरही.

धुणं सोपं आहे. निब, जिभली (निबखालचा, त्याला शाई पोचवणारा भाग) आणि नळी हा सगळा भाग एका तुकड्यात बाहेर येतो. महिन्यातून एकदा साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी नळीने पाणी ओढून-सोडून साफ करा. गरम पाणी नको, स्पिरिट तर नकोच.

काडीच्या परीक्षेत पेन नापास झालं तर निराश होऊ नका. तुमचा वैताग आटे फिरवण्याचा असेल तर दाबून बसणाऱ्या टोपणाचं पेन घ्या. प्लॅटिनमचं प्रेपी आहे, तीन हजारांच्या कितीतरी खाली, आणि त्याच्या टोपणात आत आणखी एक छोटं टोपण स्प्रिंगवर असतं, त्यामुळे निब महिनोन्महिने सुकत नाही. खटक्याची मजा नाही, पण सुकण्याच्या बाबतीत या बजेटातल्या कुठल्याही खटक्याच्या पेनापेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवीन.

नागपुरात दुकानात खटक्याचं शाईपेन हातात घेऊन बघायला मिळेल या आशेवर मी बर्डी आणि धरमपेठ पालथं घातलं होतं. टोपणाची भरपूर होती, हे नव्हतं. शेवटी ऑनलाइनच मागवावं लागलं. फक्त पेनं विकणाऱ्या विक्रेत्याकडून घ्या आणि पाठवण्यापूर्वी झडप तपासून पाठवाल का असं आधीच विचारा. एकदा शाई भरलेलं पेन बरेच जण परत घेत नाहीत. तेव्हा पाकीट आलं की आधी कोरडंच असताना टॉर्च लावून बघा, रेघ दिसली तर तिचा फोटो काढा आणि शाईच्या बाटलीला हात न लावता त्याच दिवशी परत पाठवा.